नाना पास करतील तो चहा

नानांना माझ्याच हातचा चहा लागतो. लग्न होऊन या घरात आले त्या आठवड्यापासून हे ऐकतेय. सुरुवातीची काही वर्षं, खोटं कशाला बोलू, ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पाहुण्यांसमोर कप वर धरून नाना म्हणायचे, "अख्ख्या भोपाळात असा चहा मिळायचा नाही." सासूबाई बाजूला बसून गालातल्या गालात हसायच्या. त्या का हसायच्या ते मला फार उशिरा कळलं. त्यांची सुटका झाली होती ना बाई!

नाना म्हणजे माझे सासरे, भालचंद्र. तरुणपणी नागपूरहून इथल्या मोठ्या कारखान्यात लागले आणि तपासणी खात्यातून रिटायर झाले. तयार झालेला माल मोजायचा, ठोकून बघायचा आणि निकाल द्यायचा. पास, नाहीतर रिवर्क, नाहीतर सरळ रिजेक्ट. आयुष्यात एकही खोटा माल पास केला नाही, साहेब लोकांनी डोळे वटारले तरी नाही, हे ते अजून अभिमानाने सांगतात. नोकरी सुटली, पण ती सवय भोपाळच्या अवधपुरीतल्या या घरात आमच्या ताटापर्यंत आली. भाजी 'रिवर्क' म्हणाले की समजायचं, मीठ कमी पडलंय. पोळी 'पास' झाली की गप्प वाढत राहायचं.

आणि चहा. पहाटेचा, आंघोळीनंतरचा, गोळ्यांबरोबरचा, जेवल्यावर अर्धा, दुपारचा, दिवेलागणीचा. कोणी भेटायला आलं की त्याच्या सोबतीचा वेगळा. आलं ठेचून, इथल्या रिवाजाप्रमाणे चिमूटभर मीठ टाकून, दोनदा वर येईपर्यंत उकळलेला. दुसऱ्या कोणी करून दिला तर नाना एक घोट घेतात आणि कप लांब सरकवतात. ओरडत नाहीत हो, भांडत नाहीत. नुसता सरकवतात. ओरडले असते तर मी पण चार शब्द सुनावले असते. सरकवलेल्या कपाशी काय भांडणार?

चार वर्षांपूर्वी तन्वीच्या लग्नाला, माझ्या भाचीच्या, मी दोन दिवस वर्ध्याला गेले होते. नानांनी त्या दोन दिवसांत चहा घेतला नाही. चहा नाही म्हणून चहाबरोबरच्या गोळ्या नाहीत, आणि पाणी तर ते औषधासारखं पितात. परत आले तर नाना न्हाणीघरात फरशीवर भिंतीला टेकून बसलेले, चेहरा पांढराफटक. चक्कर आली होती. हाड मोडलं नाही हे नशीब. आमचे हे, म्हणजे विजय, माझे यजमान, मला काय म्हणावेत? "बघ, तू नसलीस की असं होतं." पडले नाना, आणि गुन्हा माझा! तेव्हापासून मी या घराबाहेर रात्र काढलेली नाही.

मी थकलेय. आजारी नाही, नुसती थकलेय. रक्ताचे, लघवीचे सगळे रिपोर्ट ठणठणीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विश्रांती घ्या." मी म्हटलं, "कुठल्या दुकानात मिळते?" त्या हसल्या. मी काही विनोद केला नव्हता. सकाळी उठल्यावर ओट्याला हात टेकून मी उभी राहते तेव्हा वाटतं, आत्ता तर रात्रीचा ओटा पुसला होता, हा पुन्हा कुठून आला? पण हे सांगायचं कोणाला? रोज मरे त्याला कोण रडे.

माझी बहीण मंजूषा वर्ध्याला एकटी राहते. शाळेतून निवृत्त झाली आहे, डोक्याला कसला ताप नाही. दर फोनला तेच म्हणते, "ये गं वसुधा. काही बघायला नको, कुठे फिरायला नको. नुसती ये आणि पड." पड! त्या एका शब्दासाठी माझा जीव किती तळमळतो ते माझं मलाच ठाऊक.

हे मी एकदा चुकून संपदाजवळ बोलले. संपदा आमची मुलगी, इंदूरला नोकरीला असते. पोरीने ते डोक्यात ठेवलं आणि गेल्या शनिवारी संध्याकाळी एक भलामोठा खोका घेऊन दारात हजर. खोक्यात रंगीत पाकिटं. जास्वंदीचा चहा, पुदिन्याचा, गुलाबाचा, आंब्याचा, कसल्या कसल्या फुलांचा.

"आई, तू फक्त माझी आयडिया ऐक," ती म्हणाली. "यात पुडी असते. कपात टाकायची, वरून गरम पाणी. बस. यात हात कोणाचाच नसतो! आजोबांना यातला एक जरी पसंत पडला ना, तर बाबा पण करून देतील. आणि तू आरामात मावशीकडे महिनाभर."

"हात कोणाचाच नसतो," हे वाक्य मी मनातल्या मनात परत म्हणून बघितलं. किती सुरेख वाक्य होतं ते.

ह्यांनी मान डोलावली. "पाणी तर मी ओतू शकतो," म्हणाले, जसं काही नर्मदेला बांध घालायचं कबूल करतायत.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर टेबल मांडलं. नाना मधल्या खुर्चीत, चष्मा पुसून तयार. माल तपासायला आलाय म्हटल्यावर म्हातारा खुलला होता. एका बाजूला संपदा मोबाईल घेऊन फोटो काढायला, दुसऱ्या बाजूला हे. आणि माझी सुटका करणाऱ्या त्या चहासाठी पाणी कोण उकळत होतं? मीच! कप कोण विसळत होतं? मीच. कर्म माझं, दुसरं काय.

पहिला कॅमोमाइलचा. कपात पिवळसर पाणी. नानांनी आधी कप उजेडात धरला, मग वास घेतला, मग घोट.

"हे काय आहे?"

"फुलं आहेत आजोबा. याने झोप मस्त लागते."

"झोप मला लागतेच आहे, पोट्टे. माणूस चहा पितो जागं राहायला." कप सरकला. "रिजेक्ट."

मी चाखून बघितला. देवाच्या तांब्यात शेवंतीची पाकळी पडून रात्रभर राहिल्यावर जसं लागेल तसं लागत होतं. नानांचं काही चुकलं नव्हतं.

मग गुलाबाचा. "हा अंगावर शिंपडायचा," नाना म्हणाले. पुदिन्याचा ओठाला लावला आणि म्हणाले, "दात सकाळीच घासलेत." आंब्याच्या चहाचा वास इतका जोरात सुटला की ह्यांनी खुशीत येऊन मोठा घोट घेतला आणि तोंड कसनुसं करून गिळला. "अरे, वास आंब्याचा, पण आंबा आहे कुठे?" नानांनी तर त्याला तोंडही लावलं नाही. "वास घेऊनच कळलं," म्हणाले. "वरून रंग दिलेला माल आहे."

जास्वंदीचा लालभडक. संपदाला तो सगळ्यात आवडता, ऑफिसात रोज पिते म्हणे. नाना कपाकडे बघत राहिले. "गणपतीला वाहायचं फूल आता उकळून प्यायला लागलात काय?" ह्यांनी त्यात तीन चमचे साखर घातली तरी आंबटपणा जाईना. शेवटी संपदानेच तो कप स्वतःकडे ओढून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही लोकं ना, बिल्कुल होपलेस आहात."

पाचही गेले. मी प्रत्येक कपाला त्यांच्या तोंडाकडे बघत होते. भुवई वर गेली की माझा जीव वर जायचा, कप सरकला की खाली यायचा. दहावीच्या निकालाला सुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

मग लेमनग्रास. मी पाकीट फोडलं आणि मला हसूच आलं. "अगं, हा तर आपला गवती चहा! मागच्या दारी कूलरच्या पाण्यावर माजलाय तो!"

"हो, पण हा पॅकिंगमधला आहे," संपदा म्हणाली.

नानांनी घोट घेतला. कप सरकवला नाही. दुसरा घोट घेतला. माझ्या हातातला पाण्याचा टोप मी तसाच धरून उभी राहिले. डोळ्यांसमोर मंजूषाची खालची खोली आली, पलंग, पंखा, ओढलेला पडदा.

"रिवर्क," नाना म्हणाले. "पाया बरा आहे. यात आलं घाला, थोडी चहापत्ती, दूध, साखर..."

"म्हणजे आईचाच चहा झाला ना तो, आजोबा!" संपदा ओरडली.

"मग तोच द्या की," नाना शांतपणे म्हणाले.

केशराचा कहवाही झाला. त्याला "सर्दी झाली तर पास" अशी चिठ्ठी मिळाली. शेवटचा दालचिनी आणि संत्र्याचा होता. नानांनी सरकवलेला तो कप मी ओट्याशी उभ्या उभ्या प्यायले. आवडला हो मला. तिखटसर, गोडसर, आणि घशातून उतरल्यावरही थोडा वेळ तोंडात राहणारा. आठ चहा झाले त्या टेबलावर, कोणता बरा, कोणता वाईट यावर इतकी चर्चा झाली, पण मला कोणता आवडला हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कप विसळला आणि पालथा घातला.

"झालं," मी म्हटलं. "हौस फिटली ना सगळ्यांची? आता आवरते."

संपदाचा चेहरा लाल झाला होता. बापाच्या वळणावर गेली नाही पोरगी, हे एक बरं. ती उठली, आजोबांना हाताला धरून बाहेर व्हरांड्यात नेऊन बसवलं आणि आत येऊन ह्यांच्यापुढे उभी राहिली. "बाबा, उठा. चहा करा."

"मी?"

"तुम्ही. आईसारखा. आणि आई, तू पण कर, तुझा नेहमीचा. दोन कप त्यांच्यासमोर ठेवू. आईच्या हातचा, आईच्या हातचा म्हणतात ना? बघू तरी ओळखतात का!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मग ते स्वयंपाकघरात आले आणि पहिला प्रश्न विचारला, "चहापत्ती कशात असते?" आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. मी डबा दाखवला. आलं ठेचताना त्यांच्या हातून बत्ता निसटला, तेव्हा त्यांनी किसणी घेतली. साखर आधी की नंतर? दूध कधी? मी काही सांगितलं नाही. संपदा मधे उभी राहून मला सांगूच देत नव्हती. शेवटी त्यांचा चहा उतू गेला, शेगडी भरली, आणि जो उरला तो त्यांनी कपात गाळला. माझा माझ्या जागी झाला, जसा रोज होतो. हात आपोआप चालतात, मला बघावंही लागत नाही.

दोन कप. एक निळ्या काठाचा, त्यात माझा. एक पांढरा, त्यात ह्यांचा. नानांना परत आणून बसवलं.

"आजोबा, एक आईचा आहे, एक बाबांचा. कोणता कोणाचा, ते सांगायचं."

नानांनी निळ्या काठाचा उचलला. एक घोट. थांबले. दुसरा घोट. डोळे मिटले. मग तो ठेवून पांढरा उचलला. एक घोट घेतला आणि त्यांच्या गळ्याची शीर हललेली मला दिसली. त्यांनी मान वर केली. मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होते, पदर ओला, एक हात कमरेवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हा," पांढऱ्या कपावर बोट ठेवून नाना म्हणाले, "हा वसुधाच्या हातचा. पास." आणि निळ्या काठाचा कप त्यांनी लांब सरकवला. "तो विजयचा. रिजेक्ट."

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! संपदाने टाळ्या पिटल्या, मला मिठी मारली. "आई, तू फ्री! समजलं का तुला? फ्री!" ह्यांची छाती फुगली. "हॅ, त्यात काय मोठंसं! चहा तर आहे," म्हणाले आणि दाद मिळावी म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. संपदा लगेच मोबाईलमध्ये वर्ध्याच्या गाड्या बघत आतल्या खोलीत गेली. हे तिच्या मागे मागे गेले.

मी तो सरकवलेला कप उचलला. आनंद व्हायला हवा होता, नाही का? आणि मला रडू येत होतं. छत्तीस वर्षं मेली मी त्या शेगडीपुढे. ताप असताना उठले, बाळंतीण असताना उठले, आईच्या बाराव्याहून आले ती चप्पल काढून आधी ओट्याशी गेले. माझ्याच हातचा लागतो म्हणून! आणि म्हाताऱ्याला त्या हाताची चवच कळत नव्हती? उतू गेलेला, किसलेल्या आल्याचा तो कडू काढा पास, आणि माझा रिजेक्ट? मग एवढी वर्षं कशाला बांधून ठेवलं मला? कोणीही केला असता की हो चहा! गाढवाला गुळाची चव काय, असं मी तोंडातल्या तोंडात म्हटलं. सासऱ्याला म्हणू नये, पण म्हटलं.

ऊन उतरल्यावर नाना पुन्हा व्हरांड्यात जाऊन बसले होते. त्यांच्या गोळ्या द्यायच्या होत्या. मी गोळ्या घेतल्या, पाण्याचा पेला घेतला आणि जाऊन त्यांच्या पुढ्यात आदळला.

"चिडलीस?" नाना म्हणाले.

"मी कशाला चिडू? घ्या गोळ्या."

त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायले. तोंड वाकडं केलं, पण प्यायले.

"विजयने आलं किसलं होतं," ते म्हणाले. "किसलं की कडसर पाणी सुटतं. दुसरी उकळी येऊच दिली नाही. मीठ तर विसरलाच, गाढव."

मी उभीच राहिले. कळायला थोडा वेळ लागला मला. "म्हणजे तुम्ही ओळखलं होतं?"

"चाळीस वर्षं माल तपासला गं मी. न बघता सांगीन."

"मग?"

"मग काय. खोटा पास केला. पहिल्यांदाच." ते फाटकाबाहेर बघत होते. समोरच्यांकडची पोरं सायकल फिरवत होती. "पास केला नसता तर तू गेली असतीस का?"

मी खालच्या पायरीवर बसले. पाय दुखत होते म्हणून बसले, का दुसऱ्या कशाने, देव जाणे. त्या क्षणी मला नानांबद्दल फार माया वाटली. डोळे भरून आले. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा ताठा मिरवला, ती या माणसाने माझ्यासाठी मोडली होती. आता रोज तो कडू काढा पिणार होते, आणि वर पास म्हणणार होते. मी त्यांचे पाय धरले असते, इतकं मन भरून आलं होतं.

पण मग एक प्रश्न मनात आला, आणि आला तसा मी विचारला. "नाना, मी थकलेय हे तुम्हाला आज कळलं?"

"आज कसं?" ते म्हणाले. "तू ओट्याला धरून उभी राहायला लागलीस ना, तेव्हापासून दिसतंय."

"त्याला तर किती वर्षं झाली."

"झाली."

"मग बोलला का नाहीत?"

 खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना. दिवसाला एक खोटं बोलून झालं होतं, दुसरं जमणार नव्हतं. त्यांनी पेल्याच्या काठावरून बोट फिरवलं.

"चहा चांगला लागायचा गं," ते म्हणाले.

मला असा संताप आला म्हणून सांगू! डोक्यात झिणझिण्या आल्या. माहीत होतं. म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं. रोज बघत होता, रोज पीत होता. आणि खरं सांगते, त्या संतापात सुद्धा ते 'चांगला लागायचा' ऐकून मला कुठेतरी बरं वाटलं. याचाच मला जास्त संताप आला.

"आई," आतून संपदाने हाक मारली, "जायचं तिकीट मंगळवारचं मिळतंय. परतीचं कधीचं काढू?"

नाना माझ्याकडे बघत होते. कपाला निकाल द्यायच्या आधी जसे बघतात तसे नाही. माझ्या निकालाची वाट बघत होते.

"परतीचं नको," मी ओरडून सांगितलं. "नुसतं जायचं काढ."